शेजाराचा प्रश्न आणि बडोद्याची विद्या

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना 30 एप्रिल 1949 रोजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी, 1 मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान मावळताना त्याच्या विद्याव्यवहाराचा वारसा या विद्यापीठाकडे आला, म्हणून विद्यापीठाच्या कोणत्याही शाखेचा इतिहास 1949 पासून सुरू करणे अपुरे ठरते. शांतता, संघर्षाचे निराकरण आणि आंतरराष्ट्रीय विकास या अभ्यासशाखेला तर हे अधिकच लागू आहे. जगात हा विषय पदवीचा विषय म्हणून उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतर: अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील मँचेस्टर कॉलेजात 1948 साली, ऑस्लोची संशोधनसंस्था 1959 ची, ब्रॅडफर्ड विद्यापीठातला विभाग 1973 चा. बडोद्याच्या कागदपत्रांत याच नावाची पाटी शोधत बसलो, तर हाती फार थोडे लागेल. पाटीमागचा विषय शोधला, म्हणजे भिन्न धर्मांची, जातींची आणि भाषांची माणसे एकमेकांशी का भांडतात, ती एकत्र कशी नांदतील आणि दारिद्र्य हटल्याशिवाय ती नांदतील का, हे प्रश्न शोधले, तर मात्र बडोद्यात त्यांचा अभ्यास शंभर वर्षांहून अधिक काळ चालू असल्याचे दिसते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या एक पाऊल पुढचे आहे. या अभ्यासाने जगाला मोठी माणसे आणि मोठे विचार दिले. पण प्रत्येक पिढीत तो एकाच जागी येऊन थांबला. ती जागा म्हणजे शेजार. कोणी कोणाच्या शेजारी राहायचे, हा प्रश्न बडोद्याच्या विद्येने पुरतेपणी कधी हाती घेतला नाही, आणि त्याची किंमत विद्यापीठाला स्वतःच्या माणसांच्या रूपाने मोजावी लागली.

सुरुवात धर्माच्या तुलनात्मक अभ्यासापासून करावी लागते. राजा मराठा, प्रजा मुख्यतः गुजराती, शहरात हिंदू, मुसलमान, जैन, पारशी अशी वस्ती: अशा राज्याला धर्म आणि भाषा हे विषय नुसते पंडितांवर सोपवून चालत नाही. बडोद्याचे तेव्हाचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी हे लवकर ओळखले. विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्माचा अभ्यास करायला गेले, तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चाला सयाजीरावांनी मदत केली. पुढे बडोदा कॉलेजातच या विषयाच्या अध्यापनाची व्यवस्था झाली. आल्बन विजरी हे तत्त्वज्ञानाचे इंग्रज प्राध्यापक तिथे आले, या विषयाचे स्वतंत्र अभ्यासमंडळ चालले, आणि विजरींचे तुलनात्मक धर्माभ्यासावरचे पुस्तक 1922 मध्ये बडोद्यातूनच निघाले. याच विजरींच्या अध्यक्षतेखाली 1926-27 मध्ये बडोद्यासाठी स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करणारे मंडळ बसले होते, ही गोष्ट आमच्या संस्थेच्या इतिहासात सहसा एका ओळीत उरकली जाते. ती तशी उरकण्यासारखी नाही. या विद्यापीठाचा पहिला सविस्तर आराखडा ज्याच्या देखरेखीखाली तयार झाला, त्याच्या अभ्यासाचा विषयच मुळी धर्माधर्मांतील साम्य आणि भेद हा होता. 1933 साली शिकागोला भरलेल्या दुसऱ्या विश्वधर्म परिषदेचे उद्घाटनही सयाजीरावांनी केले. भाषेच्या बाबतीत धोरण तसेच होते. राज्यकारभार प्रजेच्या गुजरातीत चालवला आणि 1931 मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा आठ भाषांतल्या राज्यव्यवहाराच्या शब्दांचा कोश तयार करवून घेतला. मराठी राजाने स्वतःची भाषा प्रजेवर लादली नाही. पुढे 1956 ते 1960 या काळात मराठी आणि गुजराती माणसे दोन राज्यांच्या मागणीसाठी समोरासमोर उभी ठाकली, तरी बडोद्यातली मराठी वस्ती गुजरात राज्यात निर्धास्त राहू शकली. याच्या मुळाशी हे जुने शहाणपण आहे, असे मला वाटते. तंटा पेटण्याआधी त्याची कारणे समजून घ्यायची आणि कारभारात त्यांची सोय लावायची, हे आज संघर्ष-निराकरणाच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या प्रकरणात सांगितले जाते.

विकासाचा धागाही तितकाच जुना आहे. अमरेली तालुक्यात 1893 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये ती सक्ती सगळ्या संस्थानाला लागू झाली. 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगाव ग्रंथालये आणि पेट्यांतून फिरती पुस्तके अशी व्यवस्था उभारली. अंत्यजांसाठीच्या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले. 1908 मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांच्याकडे हे काम सोपवले. 1932 साली दिवाण व्ही. टी. कृष्णमाचारी यांच्या काळात नवसारी प्रांतातल्या कोसंबा येथे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र निघाले. शेती, आरोग्य, जोडधंदे आणि शिक्षण यांचा एकत्र विचार करायचा आणि गावकऱ्यांना त्यात सामील करून घ्यायचे, ही तिथली रीत. हेच कृष्णमाचारी पुढे भारताच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशभर सुरू झालेल्या सामुदायिक विकास योजनेचे मोठे भाष्यकार ठरले. आंतरराष्ट्रीय विकास हा पश्चिमेकडून आलेला विषय आहे, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याने कोसंब्यापासून दिल्लीपर्यंतचा हा प्रवास अभ्यासावा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हे सगळे एका राजाच्या मर्जीने झाले. प्रजेने मागितले म्हणून नव्हे, महाराजांच्या मनात आले म्हणून. अशा इतिहासाला शांततेच्या अभ्यासाचा इतिहास का म्हणावे? शांततेचा अभ्यास तर सत्तेचीच चिकित्सा करतो. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा बडोद्याच्याच इतिहासात आहे. जून 1913 मध्ये भीमराव आंबेडकर यांनी बडोदे सरकारशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे विषय शिकून ते 1917 च्या सप्टेंबरात बडोद्यात रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले; तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारणा केली, दोघांनीही घरची अडचण पुढे केली. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले आणि मुंबईला निघून गेले.

या घटनेकडे सहसा अस्पृश्यतेची एक दुःखद कथा म्हणून पाहिले जाते. ती तशी आहेच. पण विद्यासंस्थेच्या इतिहासात तिचा अर्थ आणखी नेमका आहे. राज्याने शिष्यवृत्ती दिली, पद दिले, पगार दिला. राजाची इच्छा होती, कायदा आड येत नव्हता. एवढे सगळे असूनही शहरात एक खोली मिळाली नाही, कारण ती देणे शेजाऱ्यांच्या हाती होते. राजाची मर्जी कचेरीच्या दारापर्यंत पोचते, गल्लीत पोचत नाही, हे 1917 मध्ये स्पष्ट दिसले. म्हणून राजाश्रयावरचा आक्षेप मान्य करूनही मी म्हणेन की, हा इतिहास शांतता-अभ्यासाचाच आहे. वरून दिलेल्या सुधारणेची मर्यादा कुठे लागते, हे दाखवणारे याहून ठसठशीत उदाहरण मिळणे कठीण. दुर्दैव एवढेच की, त्या वेळच्या बडोदा कॉलेजातल्या धर्माभ्यासाने ते उदाहरण म्हणून घेतले नाही. विजरींच्या विषयात ग्रंथ होते, सिद्धान्त होते. त्याच शहरातली धर्मशाळा नव्हती.

1917 मध्ये बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता होते. त्यांची कन्या हंसा मेहता 1949 साली या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्याआधी त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व पुरुषांऐवजी सर्व मानव असा उल्लेख त्यांच्या आग्रहामुळे आला, ही गोष्ट आता बऱ्यापैकी माहीत झाली आहे. त्यांचे दुसरे काम मात्र क्वचितच कोणी सांगतो, आणि माझ्या मते ते अधिक मोठे आहे. डिसेंबर 1947 मध्ये जिनिव्हात आयोगाचा अंमलबजावणीविषयीचा कार्यगट बसला, त्याच्या अध्यक्षपदी हंसाबेन होत्या. हक्क नुसते जाहीर करून भागणार नाही. ते डावलले गेले तर दाद कुठे मागायची, हे ठरले पाहिजे, असा त्यांचा रोख होता. बड्या राष्ट्रांना तो पेलला नाही आणि 10 डिसेंबर 1948 रोजी जो जाहीरनामा मंजूर झाला, त्याच्यामागे सक्तीचे बळ राहिले नाही. त्याच्या तेराव्या कलमात आपल्या देशात हवे तिथे राहण्याचा हक्क आहे, पंचविसाव्यात निवाऱ्याचा उल्लेख आहे. आंबेडकरांना 1917 मध्ये जे नाकारले गेले, ते तीस वर्षांनी जगाने हक्क म्हणून मान्य केले, आणि ते मान्य करणाऱ्यांत ज्यांच्या वडिलांकडे तेव्हा संस्थानचा कारभार होता, त्या हंसाबेन होत्या. कुलगुरू म्हणून 1958 पर्यंतच्या कारकिर्दीत त्यांनी गृहविज्ञान, समाजकार्य, ललितकला या शाखांना आकार दिला. समाजकार्याची पदव्युत्तर शाखा उघडणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या काही विद्यापीठांत बडोदे होते. विद्यार्थ्याने आठवड्यातले काही दिवस वस्तीत, रुग्णालयात, खेड्यात काम करायचे, ही समाजकार्य शिक्षणाची शिस्त. शेजाराच्या प्रश्नाजवळ विद्यापीठ सर्वांत अधिक कुठे पोचले असेल, तर ते इथे.

पन्नाशीच्या दशकात बडोद्याच्या कलाशाखेत जे घडले, त्याचा अभिमान वाटावा तेवढा थोडा. एम. एन. श्रीनिवास 1951 ते 1959 इथे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. गावात जाऊन राहायचे आणि जे दिसेल ते लिहायचे, ही शिस्त त्यांनी विद्यार्थ्यांना लावली. आज प्रत्येक निवडणुकीत कानांवर येणारा ‘व्होट बँक’ हा शब्द 1955 च्या त्यांच्या लेखातला. रजनी कोठारी इथे शिकवत होते; 1961 मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’त आलेल्या भारतीय राजकारणावरच्या लेखमालेने त्यांचे नाव झाले, आणि दोनच वर्षांनी दिल्लीत विकसनशील समाजांच्या अभ्यासाचे केंद्र त्यांनी उभारले. शस्त्रस्पर्धेपलीकडची जागतिक व्यवस्था कशी असावी, याचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ते सामील होते. त्यांचे 1974 चे पुस्तक त्यातूनच आले. भिखू पारेख इथे अध्यापक होते आणि 1981 ते 1984 कुलगुरू. पुढे ब्रिटनमधल्या बहुवांशिक समाजाच्या भवितव्यावरचा 2000 सालचा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. एवढी नावे घेतल्यावर कोणीही विचारील: यातले कोण शांतता-अभ्यासाचे? एक समाजशास्त्रज्ञ, दुसरे राजकारणाचे अभ्यासक, तिसरे तत्त्वज्ञ. समाजाविषयीचा प्रत्येक अभ्यास शांततेचा अभ्यास म्हणून मोजला, तर विषयाला हद्दच उरत नाही. हद्द हवी, हे मी मानतो. शांतता-संशोधक योहान गाल्टुंग यांनी 1969 मधल्या एका लेखात ती आखून दिली: मारहाण थांबणे ही अर्धी शांतता, समाजाच्या रचनेतच दडलेली हिंसा, जी कोणाला घर, शिक्षण, औषध मिळू देत नाही, ती हटली तर पुरी. या कसोटीवर जातीचे वर्चस्व, पक्षांची घडण आणि बहुसांस्कृतिक राज्य यांचे अभ्यास विषयाच्या आतच पडतात. तरीही एक उणीव राहते. श्रीनिवासांचे गाव म्हैसूरकडचे होते, कोठारींचा विषय देश, पारेखांचा ब्रिटन. रावपुरा, वाडी, पाणीगेट, मांडवी हे बडोदे शहराचे भाग त्या तोलाच्या लेखणीखाली आले नाहीत.

आणि शहर पेटत राहिले. गाल्टुंग यांचा लेख छापून आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अहमदाबादेत भडकलेल्या दंगलींची झळ बडोद्याला लागली. 1981-82 मध्ये पुन्हा दंगली झाल्या. 2002 च्या गुजरात दंगलींत, 1 मार्च रोजी, हनुमान टेकरीजवळच्या बेस्ट बेकरीत चौदा माणसे मारली गेली. खालच्या न्यायालयाने 2003 मध्ये सगळ्या आरोपींना सोडले. एप्रिल 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी महाराष्ट्रात घ्यायला लावली आणि फेब्रुवारी 2006 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नऊ जणांना दोषी ठरवले. पुढे उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवली. साक्षीदाराला आपल्या गल्लीत राहून खरे बोलता येत नसेल, तर न्यायही त्या शहरात होऊ शकत नाही, हे या खटल्याने देशाला दाखवले. 2002 च्या त्या दंगलींतच विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जुझर बंदूकवाला यांचे घर जमावाने उद्ध्वस्त केले. आयुष्यभर नागरी हक्कांसाठी आणि दोन्ही धर्मांतल्या कडवेपणाविरुद्ध बोलणारा हा माणूस. त्यांनी पुढे जाहीरपणे क्षमेची भूमिका मांडली, त्यासाठी स्वकीयांची टीका सोसली आणि जानेवारी 2022 मध्ये मृत्यू येईपर्यंत गरीब मुसलमान मुलामुलींच्या शिक्षणाचे काम केले. 1917 मध्ये संस्थानच्या अधिकाऱ्याला शहरात घर मिळाले नाही. 2002 मध्ये विद्यापीठाच्या प्राध्यापकाचे घर शहरात टिकले नाही. मधल्या पंचाऐंशी वर्षांत बडोद्याने जगाच्या शांततेला जे जे दिले, त्याची या दोन घटनांशी गाठ घातल्याशिवाय आमचा इतिहास प्रामाणिक होत नाही.

दंगल थांबवणे पोलिसांचे आणि सरकारचे काम, विद्यापीठाला जबाबदार का धरावे, असे म्हटले जाईल. बरोबर आहे, दंगल थांबवणे विद्यापीठाच्या हाती नव्हते. 2002 मध्ये जे हाती होते, ते शहरातल्या काही नागरिकांनी, त्यांत अध्यापकही होते, केले. पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना आणि वडोदरा शांती अभियान यांनी मिळून मोहल्ल्या-मोहल्ल्यातून साक्षी गोळा केल्या आणि हिंसेचा सविस्तर अहवाल सिद्ध केला. कोणत्याही शांतता-अभ्यास विभागाला आदर्श ठरावे असे ते संशोधन होते. पण ते विभागाने केलेले नव्हते, म्हणून पुढच्या विद्यार्थ्यांच्या हाती अभ्यासक्रम म्हणून आले नाही. दंगलीच्या आधी आणि नंतर जे घडते, ते तर पूर्णपणे अभ्यासाच्या कक्षेतले आहे. गुजरातचा अशांत क्षेत्र कायदा 1991 चा. भीतीपोटी कोणी मातीमोलाने घर विकू नये, म्हणून अशा भागात विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हेतू रास्त होता. व्यवहारात मात्र एका धर्माच्या माणसाला दुसऱ्या धर्माच्या वस्तीत घर घेणे अवघड झाले, अशी टीका होते. बडोद्याचे अनेक भाग या कायद्याखाली येतात. 2024 मध्ये हरणी भागात मुख्यमंत्री आवास योजनेतले घर रीतसर मिळालेल्या एका मुसलमान महिलेविरुद्ध त्याच संकुलातल्या रहिवाशांनी निवेदन दिले, त्याची बातमी देशभर गेली. कायदा घर देतो, शेजार देत नाही. 1917 चा धडा विद्यापीठाच्या अमृतमहोत्सवी वर्षातही तसाच समोर उभा राहिला. या कायद्याने वस्त्या सावरल्या की विभागल्या, हे भावनेने ठरवायचे नाही, गल्लीगल्लीची पाहणी करून ठरवायचे आहे. हे काम समाजशास्त्र, विधी, समाजकार्य आणि संख्याशास्त्र या विभागांनी मिळून करण्याजोगे आहे, आणि ते बडोद्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून होण्यासारखे नाही.

वर्गाच्या बाहेर पडून असा अभ्यास कसा करता येतो, याचे उदाहरणही इथेच आहे. भोरचे गणेश देवी या विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. 1996 मध्ये ते बाहेर पडले, बडोद्यात ‘भाषा’ संशोधन केंद्र काढले आणि छोटाउदेपूरजवळ तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. महाश्वेता देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांच्याबरोबर त्यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना बांधली. 2002 मध्ये त्याच आदिवासी टापूत मुसलमानांवर हल्ले झाले, तेव्हा आपण ज्यांचे हित पाहतो तेच हिंसेत का ओढले गेले, या प्रश्नाला अकादमीला सामोरे जावे लागले. तो प्रश्न टाळला गेला नाही; सावकारी, स्थलांतर आणि राजकीय चिथावणी यांच्या संदर्भात तो तपासला गेला. विद्यापीठ सोडून हे काम करावे लागले, ही गोष्ट मला बोचते. पण ते बडोद्याच्या विद्येचेच फळ आहे, हेही खरे.

शांतता आणि विकास या नावाचा अभ्यासक्रम उद्या इथे अधिक भक्कमपणे उभा करायचा असेल, तर ऑस्लो किंवा ब्रॅडफर्डचा आराखडा उचलून चालणार नाही. पहिल्या सत्रात कमाटी बागेतला 1917 चा दिवस आणि जिनिव्हातला 1947 चा कार्यगट एकत्र शिकवावेत. दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्याने शहराच्या एका भागात काम करून कोण कोणाच्या शेजारी राहते, कधीपासून, आणि कोण कधी व का निघून गेले, याची नोंद करावी. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठत गेल्या, तर विद्यापीठाच्या शंभराव्या वर्षीच्या स्मरणिकेला लिहायला भरीव काही असेल. त्यासाठी साधने आजच जमवली पाहिजेत. 1969, 1981-82 आणि 2002 या वर्षांतली पत्रके, शांतता समित्यांचे वृत्तान्त, घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद, पत्रे, रोजनिशा आणि छायाचित्रे बडोद्यातल्या मराठी, गुजराती आणि उर्दू घरांमध्ये विखुरलेली असणार. ज्यांच्याकडे ती असतील, त्यांनी ती नष्ट होऊ देऊ नयेत. मूळ प्रती देणे शक्य नसेल, तर निदान नकला तरी विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयाला द्याव्यात, आणि ग्रंथालयाने त्या जाहीरपणे स्वीकाराव्यात, एवढी दोघांनाही विनंती आहे.